कुठं उभं राहून ऐकलंत?

‘हे तुमचं वैयक्तिक मत झालं.’ चळवळीत काम करणाऱ्या बाईनं हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. पोलीस ठाण्यात ऐकलं, कामगार संघटनेच्या बैठकीत ऐकलं, घरी तर उठता-बसता. गंमत अशी की समोरचा जे बोलतो ते मात्र कधीच त्याचं वैयक्तिक मत नसतं. ती वस्तुस्थिती असते, ‘सर्वमान्य’ गोष्ट असते, जाणकारांचा निर्वाळा असतो. मी आज ज्या विषयावर लिहायला बसले आहे तिथंही हेच वाक्य दबा धरून बसलेलं आहे. विषय आहे संगीताची परीक्षणं. त्यातही मेटल संगीताच्या कार्यक्रमांची परीक्षणं, आणि कोणता बँड प्रत्यक्ष रंगमंचावर कोणापेक्षा सरस, हा त्यातला कधीच न संपणारा वाद.

मेटल? आपल्या त्रैमासिकात? काही मैत्रिणींच्या भुवया वर गेल्या असतील. केस वाढवलेले पुरुष, कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, कवट्या आणि सांगाडे छापलेले काळे शर्ट, यात बायकांचं काय काम? माझं म्हणणं असं की काम आहे. या संगीतावर जीव टाकणाऱ्या मुली आपल्या आजूबाजूला आहेत. त्या आपल्या शिबिरांना येतात, सतरंज्या उचलतात, आपली गाणी आपल्याबरोबर म्हणतात. आपण विचारत नाही, म्हणून त्याही सांगत नाहीत. मी स्वतः गेली तीसेक वर्षं मेटल ऐकते आहे आणि त्यावर लिहिलेलं वाचते आहे. या लिखाणात मला एक खोट दिसते. ती फक्त मेटलपुरती असती तर मी हा कागद खर्ची घातला नसता.

आधी थोडी ओळख. या संगीताचा उगम बहुतेकजण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात शोधतात. ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. बोटांना सोसावं म्हणून त्यानं पुढं तारा सैल केल्या, स्वर खाली उतरले, आणि त्या आवाजाला जो जडपणा आला तो जगभर या संगीताची खूण होऊन बसला. (कामगाराच्या शरीरावरच्या इजेतून एक अख्खी संगीतशैली घडते, ही गोष्ट आपल्या कामगार आघाडीवरच्या मैत्रिणींनी ध्यानात ठेवण्याजोगी.)

त्या पहिल्या रेकॉर्डचं परीक्षण अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ या पत्रात लेस्टर बँग्ज या नावाजलेल्या समीक्षकानं केलं. त्यानं ती झोडपून काढली, दुसऱ्या एका बँडची वाईट नक्कल ठरवली. २०१७ साली त्याच ‘रोलिंग स्टोन’नं मेटलच्या सर्वश्रेष्ठ शंभर रेकॉर्डची यादी छापली. पहिल्या क्रमांकावर कोण? ब्लॅक सॅबथच. त्यांची दुसरी रेकॉर्ड, ‘पॅरानॉइड’, तीही १९७० चीच. समीक्षकाचं मत चुकलं, बदललं, याचं मला काहीच वाटत नाही. मत म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. मला खटकतो तो दोन्ही वेळचा सूर. दोन्ही वेळा न्यायालयानं निकाल वाचून दाखवावा तसं लिहिलेलं. झोडपणारा कोण होता, त्याला काय आवडायचं, कारखान्याच्या वस्तीतल्या पोरांचं त्याला काय वाटायचं, यातलं काही त्या निकालात नाही. जणू कान हवेत तरंगत होते, त्यांना शरीर नव्हतं, वर्ग नव्हता, लिंग नव्हतं.

रेकॉर्डच्या बाबतीत हे एक वेळ चालून जातं, कारण तीच रेकॉर्ड आपण घरी आणून ऐकू शकतो आणि समीक्षकाशी भांडू शकतो. प्रत्यक्ष कार्यक्रमाचं तसं नाही. तो एकदाच होतो. मागं उरतं ते परीक्षण, आणि तेच मग इतिहास ठरतं.

‘लाइव्ह’ कोण भारी? या संगीताच्या चाहत्यांचा हा आवडता उद्योग आहे. आयर्न मेडन की मेटॅलिका, जूडस प्रीस्ट की मोटरहेड. रात्र रात्र जागून वाद घालतात. मीही घातले आहेत, आणि मजा येते हे कबूल. पण या तुलनेत मोजता येईल असं नेमकं काय असतं? आवाजाची पातळी मोजता येते. गिनेस बुकानं तीही मोजून पाहिली. १९७२ साली लंडनमध्ये डीप पर्पलचा आवाज ११७ डेसिबल, १९७६ साली द हूचा १२६. पुढं बँड एकमेकांवर चढाओढ करू लागले, आणि लोकांचे कान जातील म्हणून गिनेसनं तो विक्रम नोंदवणंच बंद केलं. म्हणजे वस्तुनिष्ठ म्हणावा असा जो एकच निकष होता तो बहिरेपणाच्या वाटेवर जाऊन थांबला! उरलेलं सगळं मग शब्दांत सांगायचं. आणि शब्द कोणते? ताकद. दम. जोर. हल्ला. चिरडून टाकलं. छातीवर घाव घातला. इंग्रजी परीक्षणांत तर पुरुषाच्या अवयवांचा सर्रास उल्लेख असतो. ज्याच्याकडे ते आहेत तो बँड चांगला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीना वाइनस्टाइन यांनी १९९१ साली या संगीतावर पुस्तक लिहिलं तेव्हाच या संस्कृतीचा पुरुषी पाया त्यांनी स्पष्ट दाखवला होता. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं, पण परीक्षणांचा शब्दकोश फारसा हललेला नाही.

या मर्दानगीची गंमत बघा. काळं कातडं, धातूचे खिळे, साखळ्या हा मेटलचा पोशाख ज्यांच्यामुळे सर्वदूर पोचला त्यात जूडस प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड हे नाव सगळ्यात आधी घ्यावं लागेल. १९९८ साली त्यानं आपण समलिंगी असल्याचं टीव्हीवर जाहीरपणे सांगितलं. तोवर जवळजवळ वीस वर्षं हजारो तरुण त्याच्याकडे बघून ‘खरा पुरुष’ कसा दिसतो ते शिकत होते. आणि याच बँडची १९७९ ची जपानमध्ये ध्वनिमुद्रित केलेली गाजलेली ‘लाइव्ह’ रेकॉर्ड? त्यातलं गाणं नंतर स्टुडिओत बसून पुन्हा गायलेलं आहे, हे हॅलफर्डनं स्वतःच सांगितलेलं आहे. तरी ‘प्रत्यक्ष कार्यक्रम असावा तर असा’ म्हणून परीक्षणांत तिचा दाखला दिला जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कुठं उभं राहून ऐकलं?

१ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडननं आपल्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईत केली, वांद्रे-कुर्ला संकुलात. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन वैमानिकही आहे. बँड, कामगार, सामान सगळं घेऊन फिरणारं त्या दौऱ्याचं विमान तो स्वतः चालवत होता. आम्ही पाचजण गेलो होतो, चौघी मैत्रिणी आणि एक मित्र. मित्र सरळ मैदानाच्या मध्यात घुसला आणि आवाज तोलणारे तंत्रज्ञ बसतात त्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला. आम्ही चौघी डाव्या बाजूला, कठड्याला पाठ लावून. का? तर पाठीमागं कुणी नको. गर्दीत उभं राहायची वेळ आली की बायका हा हिशेब न बोलता करतात. एस.टी. स्टँडवर करतात, गणपतीच्या रांगेत करतात, इथंही केला.

मैदानी कार्यक्रमात तंत्रज्ञ ज्या जागी बसतो तिथं सगळं सगळ्यात नीट ऐकू येतं, कारण तो आपल्याच कानांनी वाद्यं तोलत असतो. बाजूला उभं राहणाऱ्याच्या वाट्याला एकाच बाजूची स्पीकरची थप्पी येते. खर्ज एखाद्या कोपऱ्यात साचतो आणि बाकी सगळं गिळून टाकतो. अगदी पुढं कठड्याशी गेलं तर ड्रमचा आवाज थेट अंगावर, गाणं मात्र वरून निघून जातं. वारा सुटला की तोही आपलं काम करतो. शिवाय उंची. पुढं सहा फुटी पोरगे खांद्यावर दुसऱ्याला घेऊन उभे असले की पाच फुटांच्या बाईला रंगमंच म्हणजे फक्त वरचे दिवे.

परत येताना मित्र तीन गिटारी एकमेकींत कशा गुंफल्या होत्या ते सांगत होता. मला तीनातली एक धड ऐकू आली होती. मी ऐकला तो मुख्यतः बास आणि डिकिन्सन. त्या माणसाचा आवाज त्या गोंधळातूनही सुरीसारखा येत होता. आणि शेवटची गाणी मी अर्ध्या कानानं ऐकली, कारण उरलेलं लक्ष घड्याळात होतं. कुर्ल्याला किती वाजता पोचतोय, चौघींपैकी कोण कोणाकडे उतरणार. मित्र खोटं बोलत नव्हता, मीही बोलत नव्हते. पण कुण्या वर्तमानपत्रानं आम्हा दोघांना लिहायला बसवलं असतं तर त्यानं लिहिलं असतं ते ‘परीक्षण’, आणि मी लिहिलं असतं ती ‘तक्रार’. माझा मुद्दा एवढाच आहे. मैदानाच्या मध्यात निर्धास्त उभं राहता येणं ही एक विशिष्ट जागा आहे. तिथून ऐकलेलं जास्त स्वच्छ असेल, पण ते सगळ्यांचं ऐकणं नव्हे. मुंबईत नव्वदच्या दशकात धोबी तलावच्या रंगभवनात रॉकचे मोठे कार्यक्रम व्हायचे. तिथल्या पुरुष मित्रांच्या आठवणी अजून ऐकायला मिळतात, सगळ्या गिटारच्या आणि घामाच्या. माझ्या मैत्रिणींच्या आठवणी विचारल्या की पहिला विषय संडासाचा निघतो.

ही जागा न सांगण्याची सवय किती महाग पडते ते पाहायचं तर जुलै १९९९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी झालेला वुडस्टॉक महोत्सव आठवावा. कॉर्न, लिंप बिझकिट असे मेटलच्या नव्या पिढीचे बँड तिथं वाजले. रंगमंचासमोरच्या त्या जागेत, जिथं मुलं एकमेकांवर आदळत नाचतात, तिथं मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढं आल्या, बलात्काराच्या तक्रारींचा पोलिसांनी तपास केला. त्या गर्दीला ‘ऊर्जा’ म्हणायचं की काय म्हणायचं? वर उंचावर पत्रकारांसाठी मांडलेल्या फळ्यांवरून ती ऊर्जाच दिसते. स्वीडनमध्ये ब्रोवाला नावाच्या मोठ्या रॉक महोत्सवात २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं बलात्काराच्या आणि विनयभंगाच्या तक्रारी आल्या, आणि आयोजकांनी २०१८ चा महोत्सव रद्द केला. मग एम्मा क्निकारे या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या बाईंच्या पुढाकारानं गोथेनबर्गला फक्त बायकांसाठी, पारलिंगी आणि तत्सम व्यक्तींसाठी संगीत महोत्सव भरला. त्यावर भेदभावविरोधी सरकारी यंत्रणेनं ठपका ठेवला, पुरुषांवर अन्याय झाला म्हणून! २०१७ च्या ब्रोवालात कोणता बँड सर्वांत चांगला वाजला याची यादी कुणी तरी केलीच असेल. त्या यादीत ज्या मुली मध्येच मैदान सोडून गेल्या त्यांचं मत कुठं आहे?

तुम्ही म्हणाल, हा तर सुरक्षिततेचा प्रश्न, संगीताचा नव्हे. मी हे वेगळं करायला तयार नाही. संगीत कानांनी ऐकतात आणि कान शरीराला जोडलेले असतात. जे शरीर सतत सावध आहे ते वेगळं ऐकतं. ते कमी ऐकतं असं नाही. कदाचित खर्जातला धोका त्याला जास्तच कळतो.

हे झालं ऐकणाऱ्या बाईचं. वाजवणारीचं काय? लंडनमध्ये १९७८ साली उभा राहिलेला गर्लस्कूल हा चौघी मुलींचा बँड. १९७९ मध्ये मोटरहेडबरोबर त्यांनी दौरा केला आणि १९८१ मध्ये दोन्ही बँडनी मिळून एक छोटी रेकॉर्ड काढली, ती इंग्लंडच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. मोटरहेडचा ड्रमर फिल टेलर मानेच्या दुखापतीमुळे वाजवू शकत नव्हता. म्हणून त्या रेकॉर्डवर ड्रम वाजवले आहेत गर्लस्कूलच्या डेनिस डफोर्टनं. ती लावा, डोळे मिटा, आणि सांगा बरं हात बाईचा कुठं कळतोय ते. कॉव्हेंट्रीच्या बोल्ट थ्रोअर या अतिशय जड वाजवणाऱ्या बँडमध्ये जो बेंच हिनं १९८७ पासून २०१६ मध्ये बँड थांबेपर्यंत बास वाजवला, जवळजवळ तीस वर्षं. ती बाई आहे याचा बँडनं कधी बाजार मांडला नाही. पण परीक्षणं वाचा. तिचा उल्लेख येतो तेव्हा पहिलं वाक्य ‘बाई असूनही’ या धाटणीचं, आणि बासच्या आवाजाबद्दल दुसरं वाक्य बहुधा नसतंच.

‘फीमेल फ्रंटेड मेटल’ हे तर एक स्वतंत्र खातंच उघडलं गेलं. गायिका असली की बँड त्यात टाकायचा, मग तो ऑपेराच्या ढंगानं गाणारा असो की घशातून गुरगुरणारा. पुरुष गातो म्हणून कुणी ‘मेल फ्रंटेड’ खातं उघडलेलं मी पाहिलं नाही. आणि अमेरिकेतलं ‘रिव्हॉल्वर’ मासिक बरीच वर्षं मेटलमधल्या सर्वांत ‘हॉट’ पोरींची यादी छापत होतं, त्याची विशेष पुरवणी, त्याचे दौरे. त्यात नाव आलेल्या बाईचं संगीत कसं ऐकायचं हे वाचकाला आधीच ठरवून दिलेलं.

जर्मनीची अँजेला गॉसो स्वतः संगीतावर लिहायची. आर्च एनिमी या स्वीडिश बँडची मुलाखत घ्यायला गेली आणि स्वतःच्या गाण्याचा नमुना त्यांच्या हातात ठेवून आली. बँडनं तिला घेतलं. २००१ मध्ये तिच्या आवाजातली पहिली रेकॉर्ड आली, आणि ऐकणाऱ्या कितीतरी जणांना हा बाईचा गळा आहे हे पटेना. इथं आपल्याकडचं आठवतं. गंगूबाई हनगलांच्या घशावर उपचार झाले, आवाज रुंद झाला, खाली उतरला. त्यानंतर जन्मभर त्यांच्या गाण्याला ‘पुरुषी’, ‘मर्दानी’ ही विशेषणं चिकटली, आणि ती कौतुकानं लावली गेली! किराण्याची एवढी मोठी गायिका, आणि तिच्या आवाजाचं मोठेपण सांगायला आपल्या जाणकारांना पुरुषाची उपमा लागली. बाईचा गळा म्हणजे गोड, बारीक, वर चढणारा, हे आधी कुणी ठरवलं? गॉसोचं कौतुक करणाऱ्यांनी तेच केलं. ‘पुरुषाइतकी जोरदार.’ म्हणजे मोजपट्टी कुणाची ते सांगायला नको.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. तुलना पुरुष गायकांचीही होतेच की! १९९४ मध्ये डिकिन्सनच्या जागी आयर्न मेडनमध्ये ब्लेझ बेली आला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला; डिकिन्सनची उंच गाणी त्याला प्रत्यक्ष कार्यक्रमात पेलेनात, आणि परीक्षणांनी त्याला १९९९ पर्यंत सोलून काढलं. खरं आहे. पण ब्लेझ बेलीच्या पोटाबद्दल, कपड्यांबद्दल, लग्नाबद्दल लिहिलं गेलं का? आता फिनलंडच्या नाइटविशकडे बघा. तिथं तीन गायिका झाल्या, तार्या तुरुनेन, अनेट ओल्झोन, फ्लोर यान्सेन, आणि या तिघींना गेली कित्येक वर्षं कोंबड्यांसारखं झुंजवलं जातं आहे. कोण सुंदर, कोण जाड, कोण गर्विष्ठ, कोणी बँड ‘वाचवला’.

२१ ऑक्टोबर २००५ ला हेलसिंकीत मोठ्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. तो संपल्यावर बँडच्या चौघा पुरुषांनी तार्याला एक पत्र दिलं, तिला काढून टाकल्याचं. तेच पत्र त्यांनी जगासमोर जाहीरही केलं. पैसा आणि नवरा यांच्यापायी ती बदलली, असा त्यातला रोख. बाई स्वतःच्या डोक्यानं काही ठरवत नाही, नवरा ठरवतो, हे गृहीतच. त्या रात्रीच्या कार्यक्रमाचं चित्रण बाजारात आलं. आणि ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीतल्या वाकन महोत्सवात फ्लोर यान्सेन गायली त्याचंही आलं. दोन्हींत ‘घोस्ट लव्ह स्कोर’ हे दहा मिनिटांचं गाणं आहे. बँड तोच, गाणं तेच. फ्लोर शेवटच्या भागात स्वर चढवत नेते, अंगावर काटा येतो, आणि ‘नाइटविशचं सर्वोत्तम प्रत्यक्ष गायन’ म्हणून बहुतेकजण त्याकडेच बोट दाखवतात. तार्या तो भाग सरळ, स्थिर, शास्त्रीय तालमीच्या शिस्तीनं गाते.

मला विचाराल तर मी हेलसिंकीला झुकतं माप देते. का ते सांगते. एक, मला तो स्थिर आवाज त्या प्रचंड वाद्यमेळाच्या विरुद्ध उभा राहिलेला आवडतो. फ्लोरचा आवाज त्या लाटेवर स्वार होतो, तार्याचा लाट अंगावर घेतो. दोन, ती गाते आहे तेव्हा तासाभरानं तिच्या हातात काय पडणार आहे हे मला माहीत असतं आणि तिला माहीत नसतं. हे दुसरं कारण संगीताच्या बाहेरचं आहे? असेल. पण ते माझ्या कानात आहे आणि मी ते लपवत नाही. आता माझ्याशी भांडा. वाद्यमेळ दोन्हीकडे आधी मुद्रित करून आणलेला आहे, चित्रणाचा आवाज नंतर दुरुस्त केलेला असतो, मी प्रत्यक्ष दोन्हीकडे नव्हते, या अडचणी काढा. हे सगळे आक्षेप रास्त आहेत, आणि मी कारणं उघड मांडली म्हणूनच ते घेता येतात. ‘फ्लोर सर्वश्रेष्ठ’ असा निकाल लावणाऱ्याशी भांडायला जागाच राहत नाही.

म्हणून ‘सगळंच व्यक्तिनिष्ठ, ज्याला जे आवडेल ते’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांच्या गटातही मी नाही. तो आळस आहे, आणि तो बहुधा बाईनं बोलायला तोंड उघडलं की सुचतो. एखादा बँड एखाद्या रात्री बेसूर वाजतो, ड्रमर ताल सोडतो, हे बाजूला उभ्या असलेल्या बाईलाही कळतं. इंग्लंडच्या ‘केरँग!’ साप्ताहिकातला वाचकांचा पत्रव्यवहार तपासून रोझमेरी लूसी हिल यांनी २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी चाहत्या बायकांशी बोलून दाखवलं आहे की या मुली संगीताबद्दलच बोलतात, सुरांबद्दल, वाद्यांबद्दल. ‘पोरी गायकावर भाळून येतात’ ही पत्रकारांनी पोसलेली कथा आहे.

दुसऱ्या बाजूनं आपल्याच मैत्रिणी विचारतील: यातली कितीतरी गाणी बाईचा द्वेष करणारी, मग हा खटाटोप कशाला? हा प्रश्न एलेन विलिसनं फार आधी अंगावर घेतला होता. १९६८ साली ती ‘न्यू यॉर्कर’ची पहिली पॉप संगीत समीक्षक झाली, आणि पुढच्याच वर्षी शुलामिथ फायरस्टोनबरोबर तिनं रेडस्टॉकिंग्ज हा स्त्रीमुक्तीवादी गट काढला. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणारी ही बाई. १९७७ मधल्या लेखात तिनं सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या एका गर्भपातविरोधी, किळसवाण्या गाण्याबद्दल लिहिलं. आशय तिला चीड आणणारा वाटला, पण जे हवं ते बेधडक, आक्रमकपणे मागणारं ते संगीत तिलाही तसंच मागायला उद्युक्त करतं, आणि गुळगुळीत, भित्री गाणी, त्यांचा आशय कितीही स्त्रीवादी असला तरी, तसं करत नाहीत, असं तिनं सांगितलं. मला हे पटतं. आपली मोर्च्यातली काही गाणी ऐकताना झोप येते, हे इथं सांगून टाकते, रागावू नका. तिनं आवडही लपवली नाही आणि चीडही नाही. एकाच परीक्षणात दोन्ही ठेवायला धाडस लागतं.

इंडोनेशियातल्या पश्चिम जावाच्या गारुत गावच्या तीन मुलींनी २०१४ मध्ये व्हॉइस ऑफ बाचेप्रोत हा बँड काढला. हिजाब घालून मेटल वाजवतात. २०२२ मध्ये वाकनला वाजवलं, २०२४ मध्ये ग्लास्टनबरीला, आणि तिथं वाजवणारा तो पहिलाच इंडोनेशियन बँड. त्यांच्यावर आलेलं जे जे माझ्या वाचनात आलं त्यात हिजाब पहिल्या ओळीत आहे. बासवर काय चाललंय, ड्रमवर काय, हे कळायला बराच वेळ वाट पाहावी लागते. कौतुकच असतं सगळं, पण हे कौतुक त्यांना ऐकत नाही, बघतं. त्यांच्या गावच्या सनातन्यांनी धमकावलं आणि पाश्चात्त्य पत्रकारांनी डोक्यावर घेतलं, दोघांचीही नजर त्याच फडक्यावर.

संपादक मंडळाशी बोलून दोन पानं मागून घेतली आहेत. मेटलचीच हवीत असं नाही. तमाशाचा फड असो, सवाई गंधर्व असो, कव्वाली असो, गावच्या जत्रेतला वाद्यवृंद असो, ज्या कार्यक्रमाला गेलात त्यावर लिहून पाठवा. किती वाजता निघालात, कुठं उभ्या होतात, काय ऐकू आलं आणि काय नाही, परत कशा आलात. वाईट वाजवलं असेल तर वाईट म्हणा, बायकांचा बँड असला तरी म्हणा. हातानं लिहिलेलं चालेल.